पांढरा चिखल

१

ऑब्रीचे बूट प्रॉसर रोज न्याहारीच्या आधी घासायचा. स्वयंपाकघरामागच्या अरुंद पडवीत, कोळशाच्या बादलीशेजारी स्टूल टाकून तो बसे, डाव्या हातात बूट चढवी आणि उजव्या हातानं ब्रश फिरवत राही. त्या आवाजानंच घर जागं झाल्यासारखं मला वाटे. माझा नवरा ऑब्री पलटणीत कॅप्टन, प्रॉसर त्याचा लढाईपासूनचा अर्दली आणि मी पाद्र्याची मुलगी, नुकतीच लग्न होऊन आलेली. पहिलं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. इंग्लंडातल्या हेरफर्डशायरमध्ये, ब्रॉक्स्टन गावाबाहेर, आम्ही एक विटांचं घर घेतलं होतं. भोवताली सफरचंदाच्या बागा होत्या, आणि माती इतकी तांबडी, की पावसात ओहोळ वाहायला लागले की वाटावं, वरच्या अंगाला कुणीतरी डुक्कर कापलंय.

एके सकाळी अंडी घ्यायला मी पडवीत गेले. प्रॉसर बोथट सुरीनं बुटाचा तळ खरवडत होता. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चिखलाचे लपके पडलेले. चिखल पांढरा होता. भिजलेल्या खडूसारखा पांढरा, आणि ओला.

"हे काय, प्रॉसर?"

"चिखल आहे, बाईसाहेब."

"ते दिसतंय मला. पांढरा कसा?"

"साहेब काल फिरायला गेले होते."

"कुठं, फ्रान्सला?" मी थट्टेनं म्हटलं.

प्रॉसर वेल्सच्या सीमेवरचा. साध्या गोष्टीवरही चार टोमणे मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या दिवशी मात्र त्यानं कागदाची पुरचुंडी केली, चुलीचं झाकण उचललं आणि ती आत टाकली.

मी स्वतःची समजूत घातली, की कुणीतरी शेतात चुना टाकला असेल. दुपारी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "ह्या मोसमात चुना? बाईसाहेब, चुना टाकायचा असता तर आधी माझ्या डोक्यावर टाकला असता." मग वाटलं, चर्चच्या भिंतींना सफेदी चालली असेल. रविवारी प्रार्थनेला गेले तेव्हा बघितलं. भिंती जशा होत्या तशाच, शेवाळलेल्या.

मग मी त्याचा विचार करायचं सोडून दिलं. निदान तसं ठरवलं.

२

त्या नाताळात माझे वडील जेवायला आले होते. वडील साधे, गप्पिष्ट, समोरचा गप्प का आहे हे न कळणारे. ऑब्री बदकाचे काप करत होता. त्याचे हात सुंदर होते, आणि सुरी चालवताना ते अगदी स्थिर असत.

"बाळ, ते पदक तुला कशाबद्दल मिळालं ते सांग ना," वडील म्हणाले. "हेस्टरला विचारलं तर तिला ठाऊक नाही. बायकोला ठाऊक नसावं म्हणजे काय!"

मला वाटलं, ऑब्री विषय बदलेल. पण तो बोलला, कापता कापता, सहज.

"फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत आमची कंपनी पुढच्या खंदकात होती. हल्ला व्हायचा होता. तेवढ्यात मागून मुख्यालयातून मला बोलावणं आलं. मी माणसांना म्हटलं, कुणी हलायचं नाही, आवाज करायचा नाही, मी आलोच. मी आणि प्रॉसर परत आलो तर खंदक नव्हता."

"म्हणजे शत्रूनं घेतला?"

"नाही. खंदकच नव्हता. तोफांनी दोन्ही कडा आत ढकलल्या होत्या. सपाट जमीन होती, पांढरी. तिकडची माती खडूची आहे ना. इतकी सपाट, की तिथं कधी काही होतं यावर तुमचा विश्वास बसला नसता."

वडिलांनी काटा खाली ठेवला. "आणि पदक?"

"ते दुपारचं. दुसरी एक कंपनी होती, तिचे अधिकारी पडले होते. ती घेऊन पुढं गेलो. ते सोपं होतं."

"तू तरी काय करणार होतास बाबा? बोलावणं आलं की जायलाच हवं."

"हो," ऑब्री म्हणाला. "जायलाच हवं. आणखी बटाटे वाढू?"

प्रॉसर दाराशी ताट धरून उभा होता. मी सहज त्याच्याकडे पाहिलं. तो बदकाकडे नाही, आमच्याकडे नाही, ऑब्रीच्या पायांकडे बघत होता.

३

शांततेच्या काळात सैन्यात बढती मुंगीच्या पावलांनी होते. आम्ही गावोगाव हिंडलो. माल्टात राहिलो, तिथली धूळच फिकट पांढुरकी, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग पलटण हिंदुस्थानात गेली, अहमदनगरच्या छावणीत. तिथली माती काळी. मे महिन्यात ती तडकते, भेगांमध्ये हात जाईल इतकी. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता. विहिरीचं पाणीसुद्धा मोजून वापरावं लागे.

एके सकाळी व्हरांड्यात आले तर ऑब्रीचे बूट पायरीवर ठेवलेले, आणि त्यांच्यापासून पांढऱ्या पाण्याचा ओघळ फरशीवरून वाहत खाली चाललेला. प्रॉसर फडकं घेऊन धावत आला. मला बघून थबकला.

"आता तरी सांगाल, की नाही?" मी म्हटलं.

"बाईसाहेब, मी बूट घासतो. बूट कुठं जातात ते मला विचारू नका. साहेबांना विचारा."

मी विचारलं. ऑब्री दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "तू गुडघे टेकून देवाशी काय बोलतेस ते मी कधी विचारतो का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, काहीतरी उलगडलं असतं. पण तो शांतपणे बोलला, आणि दाढीचा वस्तरा पुन्हा गालावरून फिरू लागला. मी नास्तिक नाही आणि वेडगळही नाही. युद्धात मी परिचारिका होते. माणसं आघातानंतर काय काय करतात ते मी बघितलं होतं. एक तरुण लेफ्टनंट रोज बागेत जाऊन स्वतःच्या बिछान्यात माती आणून पसरायचा. ऑब्रीही तसंच काही करत असेल. कुठून तरी खडू आणत असेल, भिजवत असेल, बुटांना फासत असेल. बिचारा. हे उत्तर मला पटलं. पटलं, म्हणजे इतकी वर्षं मी त्याला घट्ट धरून बसले.

गाइल्स नगरलाच झाला. आमचा एकुलता एक. तो रांगायला लागल्यावर ऑब्रीनं एकच नियम घातला: पोरगं बुटांजवळ जाता कामा नये.

४

दुसरं युद्ध आलं तेव्हा ऑब्री कर्नल झाला होता. स्वतःची बटालियन घेऊन तो फ्रान्सला गेला. प्रॉसरही गेला, वय झालं होतं तरी. चाळीस सालच्या उन्हाळ्यात आमचं सैन्य समुद्राकडे मागं हटलं, आणि एके दिवशी ऑब्री फाटकातून आत आला. अंगात दुसऱ्याच कुणाची तरी पँट होती, आखूड. मागं प्रॉसर, हात गळ्यात बांधलेला.

ऑब्रीनं माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि वर जाऊन झोपला. मी प्रॉसरला चहा दिला. त्याला कप धरता येत नव्हता, मीच धरला.

"बाकीचे?" मी विचारलं.

"कालव्यावर आहेत, बाईसाहेब. आमच्या बटालियननं कालवा धरून ठेवायचा होता, बाकीचं सैन्य जहाजांवर चढेपर्यंत. साहेब खंदकाखंदकातून फिरत होते. आणि मग..." तो थांबला.

"मग काय?"

"बोलावणं आलं. वरून. अनुभवी कर्नल इंग्लंडात हवेत, नव्या पलटणी उभ्या करायच्या आहेत, तुम्ही ताबडतोब जहाज पकडा. साहेबांनी तो निरोप तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी जनरलसाहेब स्वतः आले."

"माणसांना काय सांगितलं त्यानं?"

प्रॉसरनं कप दूर सारला. "काय सांगणार? सवयीनं तेच तोंडून गेलं, 'कुणी हलायचं नाही, मी आलोच.' मी तिथंच होतो. मी ऐकलं, आणि साहेबांनीही स्वतःचं ऐकलं. त्यांचा चेहरा, बाईसाहेब... मी सोमलाही तसा पाहिला नव्हता."

ऑब्रीला नवे बूट मिळाले होते, डोव्हरच्या बंदरात. बेडरूमच्या दाराबाहेर त्यानं ते काढून ठेवले होते. दुसऱ्या सकाळी ते मीच उचलले, प्रॉसरचा हात जायबंदी होता म्हणून. एका बुटाला पांढरा चिखल होता. दुसऱ्याला निळसर राखाडी, चिकट, कालव्याच्या काठचा असतो तसा. ऑब्री उठलाच नव्हता. मी रात्रभर त्याच्या शेजारी होते, आणि मला झोप लागली नव्हती.

त्या दिवशी माझं उत्तर माझ्या हातातून निसटलं.

पुढची वर्षं तो चढत गेला. ब्रिगेडियर झाला. यॉर्कशायरच्या माळांवर त्यानं नवी पोरं तयार केली, आणि बंदरावर उभं राहून एकेका बटालियनला निरोप दिला. स्वतः पुन्हा कधी समुद्रापलीकडे गेला नाही. अर्ज केले, पण दर वेळी वरून नकार. "तुमच्यासारखा शिकवणारा दुसरा नाही, लॅन्यन." वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. गावात लोक टोपी काढून नमस्कार करत. रजेवर घरी आला, की पडवीत प्रॉसर खरवडत बसायचा, एका कागदावर पांढरं, एका कागदावर राखाडी. पुढं पुढं वाळूही येऊ लागली, त्यानं निरोप दिलेली पोरं जिथं लढत होती त्या वाळवंटांची.

५

युद्ध संपलं. ऑब्री निवृत्त झाला, आणि आम्ही ब्रॉक्स्टनच्या घरात कायमचे आलो. दिवस एका चाकोरीत बसले. सकाळी टोस्ट आणि मुरांबा, मग वर्तमानपत्र, दुपारी मिळेल ते मटण, आणि जेवणानंतर ऑब्रीची फेरी. परसबागेच्या फाटकातून बाहेर, दोन बांधांमधल्या घळीसारख्या गाडवाटेनं खाली, आणि तिथून मोकळ्या शेतावर. चहाच्या वेळेला परत.

एका दुपारी मी परसात वाटाण्याच्या शेंगा तोडत होते. ऊन स्वच्छ होतं. वारा पडलेला. ऑब्री नुकताच फाटकाबाहेर गेला होता. आधी मला वाटलं, पक्षी गप्प झालेत, तेच जाणवतंय. मग कळलं, मी काहीतरी ऐकतेय.

तो आवाज सांगणं अवघड आहे. पुष्कळ माणसं गप्प बसलेली असतात, तेव्हा त्या गप्प बसण्याचाही एक आवाज असतो. कुणीतरी खोकला दाबतं. पाण्याची बाटली कशाला तरी लागते. पाय बदलताना चिखलातून बूट सुटल्याचा आवाज येतो. चर्चमध्ये, प्रार्थना सुरू होण्याआधी ऐकावा तसा. तो घळीतून येत होता. आणि मग, अगदी स्पष्ट, कुणीतरी दुसऱ्याला दटावलं: "श्शऽ."

माझ्या हातातली टोपली तशीच राहिली. मी फाटकापर्यंत गेले. वाट रिकामी होती. दुतर्फा काटेरी कुंपण, मध्ये तांबडी माती, टोकाला ऑब्रीची पाठ. तो रेंगाळत चालला होता, मध्येच थांबत, कुंपणाच्या बाजूला किंचित मान वळवत. रांगेसमोरून चालणारा अधिकारी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघतो, तसं.

घरात आले तर प्रॉसर चांदीची भांडी पुसत होता.

"ऐकलंत?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला रोज ऐकू येतं?"

"मी बहिरा होतोय म्हणतात डॉक्टर," प्रॉसर म्हणाला. "देवाची कृपा. पण अजून पुरता झालो नाही."

"ती माणसं काय करतात तिथं, प्रॉसर?"

"हुकूम पाळतात, बाईसाहेब."

६

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात गाइल्स रजेवर आला. सक्तीच्या सैनिकी सेवेत त्याला नुकताच अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला होता. एका चांदणीचा सेकंड लेफ्टनंट. घरात शिरला तो गणवेशातच, मिरवायला. वडिलांसमोर टाच आपटून त्यानं कडक सलाम ठोकला, आणि मग दोघांनी हात मिळवले. ऑब्रीनं त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑब्रीचे गुडघे धरले होते म्हणून तो फेरीला गेला नाही. गाइल्स गणवेशातच एकटा भटकून आला. चहाला आम्ही तिघं बसलो. बाहेर ढगाळ, निस्तेज उजेड. शेकोटीत ओलं लाकूड चरचरत होतं.

"बाबा, आपल्या शेतात चर कोण खणतंय?" गाइल्सनं टोस्टला लोणी लावत विचारलं.

ऑब्रीचा कप ओठांपाशी थांबला.

"का?"

"गाडवाटेच्या टोकाला एक माणूस भेटला. पायापासून डोक्यापर्यंत चुन्यात बुडवून काढल्यासारखा. मला बघून सलाम ठोकला पठ्ठ्यानं! जुना सैनिक असणार. म्हणाला, 'आमचे साहेब तुम्हीच का?'"

"आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मी म्हटलं, नाही बुवा, मी कालचं पोर. तुमचे साहेब म्हणजे माझे वडील असतील." गाइल्स हसला. "तर म्हणतो कसा, 'ते येतो म्हणाले होते.' मग जरा वेळ माझ्या खांद्यावरच्या चांदणीकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'पण तुम्हीही चालाल, साहेब.' आता बोला! मी चालेन म्हणे! आई, तुला काय झालं?"

दार उघडलं. बैठकीच्या खोलीत प्रॉसर न विचारता कधी येत नसे. त्या दिवशी तो सरळ आत आला. त्याच्या हातात गाइल्सचा बूट होता. तो त्यानं ऑब्रीसमोर धरला, तळ वर करून. तळाला ओला, पांढरा चिखल होता.

"अरे, माझा बूट घेऊन कुठं निघालास?" गाइल्स म्हणाला. "चिखलच आहे तो, म्हाताऱ्या. बूट घालून फिरलं की लागतो."

ऑब्रीनं बुटाकडे पाहिलं. मग गाइल्सकडे. मी इतक्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ काही वाचायला शिकले होते, पण त्या वेळी जे होतं ते अगदी साधं होतं. बाप पोराकडे बघतो तसा तो बघत होता.

त्यानं उरलेला चहा संपवला. रुमालानं मिशा टिपल्या आणि उठला.

"प्रॉसर, माझे बूट."

"तयार आहेत, साहेब."

"बाबा, तुमचे गुडघे—"

"तू इथंच बसायचं, गाइल्स. मी परत येवो, न येवो, ह्या खोलीतून उठायचं नाही. हा हुकूम आहे."

गाइल्सचं हसू विरलं. तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. ब्रिगेडियर लॅन्यनचा तो आवाज त्यानं यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

पडवीत प्रॉसर गुडघ्यांवर बसून ऑब्रीच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. मी ऑब्रीच्या बाहीला धरलं.

"कुठं निघालास?"

"येतो म्हणून सांगितलं होतं, हेस्टर."

"त्याला बत्तीस वर्षं झाली! तुला बोलावणं आलं होतं. तू काय करणार होतास?"

"हे सगळे मला हेच सांगत आले," तो म्हणाला. "तुझे वडील, जनरल, राजा. खालून मात्र असं कुणी म्हणालं नाही." त्यानं माझी बोटं हळूच सोडवली. आणि मग, जणू बाजारात जाऊन येणार आहे अशा सुरात, "पोराला सांभाळ."

प्रॉसर उभा राहिला. "मीही येतो, साहेब."

"नाही. तुला मी कधी थांब म्हणालो नव्हतो. तू मोकळा आहेस."

७

मी मागं गेले. नेसत्या कपड्यांनिशी, घरातल्या चपलांनी. घळीतून जाताना दोन्ही बाजूंना काही हललं नाही, काही वाजलं नाही. आजवर ऐकलेली ती दबलेली चुळबुळही नव्हती. वाट नुसती श्वास रोखून होती.

घळ संपते तिथं शेत आहे. तेव्हा नुकतंच नांगरलेलं, टेबलासारखं सपाट. तिथं चर नाही, खड्डा नाही, नाला नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. ऑब्री माझ्यापुढं, हाक पोचेल इतक्या अंतरावर होता. उजेड जात चालला होता, पण गेला नव्हता.

तो शेताच्या मध्यावर थांबला. डोक्यावरची टोपी नीट केली. मग त्यानं एक पाय खाली टाकला, शिडीच्या पायरीवर टाकावा तसा, आणि गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

मी घळीच्या तोंडाशीच थबकले.

दुसरा पाय. कमरेपर्यंत. त्याच्या हालचालीत घाई नव्हती, धडपड नव्हती. ओळखीच्या जागी उतरणाऱ्या माणसासारखा तो उतरत होता. आणि तेव्हा मला ते दिसले. त्याच्या दोन्ही बाजूंना, तांबड्या ढेकळांच्या कडेला, ओळीनं हात होते. फक्त हात. मनगटापासून पुढं, पांढरे, बोटं मातीत रुतवलेली. खालून कडा धरून वर बघत उभं राहिल्यावर दिसतील तसे. ओळ कुठवर गेली होती ते मी पाहिलं नाही. मी पाहूच शकले नाही. त्यातला एक हात कडेवरून सुटला, वर आला आणि त्यानं ऑब्रीचं कोपर धरलं. सांभाळून. म्हाताऱ्या माणसाला धरावं तसं.

त्याचे खांदे गेले. टोपी दिसेनाशी झाली.

मी धावले. ढेकळांत ठेचकाळत, चपला टाकून. तिथं पोचले तेव्हा पायाखाली नांगरलेली तांबडी माती होती. मी ती दोन्ही हातांनी उकरली. खाली तांबडीच माती होती, गार, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं.

प्रॉसरनं येऊन मला उठवलं.

८

पोलीस आले, गावकरी आले. सगळं शेत खणलं. पुरुषभर खोल गेले तरी तांबडं ते तांबडंच. शेवटी सर्वांनी ठरवलं, की म्हातारा ब्रिगेडियर वाय नदीत पडला असणार, पूर आला होता ना. चौकशीला बसलेले पंच माझ्याशी फार हळुवारपणे बोलले. मी काय पाहिलं ते मी सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय केलं असतं? गाइल्सला मात्र सांगितलं. सेवेची मुदत संपली तशी त्यानं गणवेश ट्रंकेत घातला, आणि आता तो आमच्या बागा बघतो. लग्न झालं, मुलगी आहे. त्याला पुन्हा कुणी सलाम ठोकला नाही.

चर्चमध्ये ऑब्रीच्या नावाची संगमरवरी पाटी लावली आहे. दोन युद्धांची नावं, पदकांची नावं, हुद्दे, खालून वर. वाचायला चांगली दिसते.

त्या दिवसानंतर घळीत काही ऐकू आलं नाही. पक्षी परत आले. मी वाटाणे लावले, तोडले. आता सगळं संपलं, असं मला वाटू लागलं होतं, आणि त्या वाटण्याला दुःखाबरोबर थोडी सुटकाही चिकटलेली होती, हे कशाला नाकारू?

मागच्या वसंतात, पहिल्या उबदार दिवशी, मी बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी उघडून बसले होते. सफरचंदांना मोहोर आला होता. प्रॉसर चहाचं तबक घेऊन आला. आता तो वाकला आहे, कप वाजतात. त्यानं तबक टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात शेताकडून आवाज आला.

कुणीतरी एकजण हलक्या आवाजात काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत. क्षणभर शांतता, आणि मग पुष्कळ माणसं एकदम हसली. मोकळी. कुणी त्यांना दटावलं नाही. आणि त्या हसण्यात, सगळ्यांच्या वर, एक हसणं होतं. खोल, पोटातून येणारं, मध्येच श्वास अडकून पुन्हा फुटणारं. तरुण माणसाचं हसणं.

प्रॉसरचा हात किटलीवर तसाच राहिला. इतक्या बहिऱ्या माणसालाही ते ऐकू आलं होतं. त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं.

"साहेब," तो म्हणाला. "साहेब असेच हसायचे, बाईसाहेब. सोळा सालच्या आधी. सगळी कंपनी त्यांच्या हसण्यालाच हसायची." मग माझ्याकडे बघून, जरा चाचरत, "तुम्ही ऐकलं नसेल कधी."

नव्हतं ऐकलं. माझ्या टेबलावर, माझ्या बिछान्यात, माझ्या मुलाच्या पाळण्यापाशी, कुठंच नाही.

हसणं पुन्हा एकदा उसळलं. मी उठले आणि खिडकी लावून घेतली.